इंटरस्टेट सोडल्याशिवाय बार्बेक्यू मिळत नाही

या महिन्यात आलेली पत्रं बहुतेक सगळी अमेरिकेतल्या वाचकांची आहेत आणि सगळ्यांचा विषय एकच, गाडीने लांब जाताना वाटेत खायचं काय. उन्हाळ्याची सुट्टी, भारतातून आलेले आईबाबा, भाड्याची मिनीव्हॅन, आणि त्यात साऊथमधून, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून जातोय तर तिकडचं बार्बेक्यू, म्हणजे निखाऱ्यावर आणि धुरावर सावकाश शिजवलेलं मांस, खायचंच अशी मुलांची इच्छा. मी स्वतः नॉर्थ कॅरोलिनात राहते आणि हा माझ्या अगदी मनातला विषय आहे, त्यामुळे या वेळचा सगळा स्तंभ त्यालाच दिला.

प्रश्न : आम्ही एडिसनहून ऑरलँडोला गाडीने जाणार आहोत, जाताना आय-९५ या इंटरस्टेट महामार्गाने आणि येताना कोलंबिया, शार्लटवरून आय-७७ आणि आय-८५ने. मागच्या वेळी प्रत्येक एक्झिटला तेच बर्गर आणि तीच सँडविचेस खाल्ली. एक्झिटच्या निळ्या पाट्यांवर बार्बेक्यूची जागा दिसतच नाही. मग लोक शोधतात कशी?
– एक वाचक, न्यू जर्सी

पाट्यांवर दिसत नाही त्याला कारण आहे, आणि ते कळलं की अर्धं काम झालं. एक्झिटच्या आधी 'फूड' लिहिलेली जी निळी पाटी असते ना, तिच्यावर नाव लावायला रेस्टॉरंटवाला पैसे भरतो, आणि शिवाय त्याला अटी असतात. राज्यागणिक थोडा फरक असतो, पण केंद्र सरकारची जी नियमावली आहे तिच्यात साधारण असं आहे की जागा एक्झिटपासून तीन मैलांच्या आत हवी, आठवड्यातले किमान सहा दिवस उघडी हवी आणि रोज किमान दोन वेळचं जेवण मिळायला हवं. आता रात्रभर लाकडाच्या निखाऱ्यावर आख्खं डुक्कर भाजणारा माणूस गुरुवार ते शनिवारच दुकान उघडतो, मांस दुपारी दोनला संपलं की दोनला बंद करतो, तो या नियमात बसणार कसा? आपल्याकडे कोल्हापूर-सोलापूरच्या चांगल्या खानावळीत दुपारीच 'मटण संपले' अशी पाटी लागते आणि कुणाला त्यात काही वाटत नाही, इथंही तसंच आहे, संपलं म्हणजे संपलं, उद्याचं उद्या.

दुसरं कारण रस्त्यांचं. जुन्या महामार्गांना यूएस ७०, यूएस ३०१, यूएस १७ असे नंबर १९२६ साली पडले, आणि इंटरस्टेटचे पैसे मंजूर करणारा कायदा आला १९५६ साली. जुन्या बार्बेक्यूच्या जागा जुन्या रस्त्यांवर बसल्या, मग वाहतूक इंटरस्टेटवर गेली आणि त्या जागा होत्या तिथंच राहिल्या. त्यामुळे माझा पहिला सल्ला हा की तुमच्या इंटरस्टेटला समांतर जाणारा जुना यूएस रस्ता कुठला ते नकाशात बघून ठेवा. आय-९५ला नॉर्थ कॅरोलिनात यूएस ३०१ चिकटून जातो. भूक लागली की फोनवर 'बार्बेक्यू निअर मी' टाकायचं हा प्रकार करू नका, त्यात जवळचं मिळतं, चांगलं मिळेलच असं नाही, आणि भूक लागते तेव्हा दुपारचे अडीच वाजलेले असतात म्हणजे चांगल्या ठिकाणचं संपलेलं असतं.

उलटं करा. आदल्या रात्री हॉटेलवर बसून उद्या साडेअकराला आपण कुठं असू ते बघा आणि त्याच्या पुढेमागे तासाभराच्या टापूत जागा शोधा, नकाशात नुसतं बार्बेक्यू न टाकता 'होल हॉग' (आख्खं डुक्कर) किंवा 'पिट' (मांस शिजवायची निखाऱ्यांची भट्टी) टाकून बघा. तारे किती आहेत ते मी फारसं बघत नाही, मी लोकांनी टाकलेले फोटो बघते. मागच्या अंगणात फोडलेल्या लाकडाचा ढीग दिसतो का, विटांची धुराने काळी झालेली चिमणी दिसते का, मेन्यू छोटा आहे का. मग सकाळी दहाला फोन करायचा आणि तीनच गोष्टी विचारायच्या, आज उघडं आहे ना, साधारण किती वाजेपर्यंत पुरतं, आणि शिजवता कशावर. लाकडावर शिजवणारा माणूस लगेच झाडाचं नाव सांगतो, हिकरी, ओक, काय असेल ते. गॅसवर किंवा विजेवर शिजवणारा जरा घुटमळतो. गॅसवरचं वाईटच असतं असं मी म्हणत नाही, पण तासभर आत जाऊन खायचं असेल तर ते लाकडावरचंच असावं असं माझं ठाम मत आहे, कारण गॅसवरचं तुम्हाला कुठंही मिळेल. नॉर्थ कॅरोलिनात 'कॅम्पेन फॉर रिअल बार्बेक्यू' नावाची एक मोहीम आहे, ते लोक फक्त लाकडावर शिजवणाऱ्यांना 'ट्रू क्यू' असं प्रमाणपत्र देतात आणि यादी त्यांच्या साईटवर आहे, ती जरूर बघा.

आता तुमचा रस्ता. आय-९५ने नॉर्थ कॅरोलिनात शिरलात की तुम्ही ईस्टर्न पद्धतीच्या प्रदेशात आलात. आख्खं डुक्कर, बारीक चिरलेलं मांस, आणि व्हिनेगर-मिरचीचं पातळ पाणीदार सॉस, त्यात टोमॅटोचा थेंब नाही. गोल्ड्सबोरोला यूएस ७०वर विल्बर्स आहे, १९६२ सालचं, २०१९ला बंद पडलं होतं तेव्हा लोक फार हळहळले, मग गावातल्याच लोकांनी घेऊन २०२०ला परत उघडलं. त्याहून आत, एक तासाच्या आसपास, एडन नावाचं गाव आहे तिथं स्कायलाईट इन, १९४७ पासून, इमारतीच्या डोक्यावर वॉशिंग्टनच्या कॅपिटलसारखा घुमट बसवलाय त्यामुळे चुकणार नाही. इथं मेन्यू म्हणजे चिरलेलं पोर्क, कोलस्लॉ (कोबीची कोशिंबीर) आणि चपटा घट्ट कॉर्नब्रेड, बस. मांसात कुरकुरीत कातडीसुद्धा चिरून घालतात आणि तो जो कुरकुर आवाज दाताखाली येतो त्याच्यासाठी मी कितीही लांबून जाईन. २००३ साली खाद्यक्षेत्रातले मानाचे पुरस्कार देणाऱ्या जेम्स बिअर्ड फाउंडेशनने त्यांना 'अमेरिकाज क्लासिक्स' हा सन्मान दिला.

साऊथ कॅरोलिनात गेलात की वार बघा. तिथल्या खेड्यातल्या कितीतरी जागा आठवड्याच्या शेवटीच चालू असतात, तेव्हा मंगळवारी जाणार असाल तर हा टप्पा सरळ सोडून द्या आणि परतीला ठेवा. फ्लॉरेन्सहून आत हेमिंग्वेला स्कॉट्स आहे, तिथं वाढलेला रॉडनी स्कॉट पुढे चार्ल्सटनला गेला आणि २०१८ साली जेम्स बिअर्डचा साऊथईस्टचा बेस्ट शेफ झाला.

परतीच्या वाटेवर कोलंबियाच्या आसपास सॉस पिवळं होतं, मोहरीचं. अठराव्या शतकात जर्मन लोक तिथं येऊन वसले, त्यांची मोहरीची आवड तिथून आली असं मानतात. आपल्या मराठी जिभेला हे सॉस फार पटकन आवडतं असा माझा अनुभव आहे, मोहरीचा झणका आपल्या ओळखीचा असतो. तिथं बाजूला भातावर 'हॅश' घालून देतात, मांस घोटून घोटून केलेला दाट रस्साच तो, भात बघून तुमच्या आईबाबांना बरं वाटेल. मग शार्लट ओलांडून आय-८५ने वर येताना लेक्सिंग्टन. हे मुद्दाम पोटात जागा ठेवून करा. वीस हजारांच्या आसपास वस्तीचं गाव आणि बार्बेक्यूच्या जागा हाताच्या बोटांवर मावत नाहीत. इथं आख्खं डुक्कर नाही, फक्त खांद्याचं मांस, आणि व्हिनेगरमध्ये थोडं केचप घातलेलं 'डिप'. साधारण १९१९च्या सुमाराला कोर्टासमोर तंबू ठोकून दोघा जणांनी हे विकायला सुरुवात केली, कोर्टाच्या कामाला आलेली माणसं खायची. आज सगळ्यात नावाजलेलं म्हणजे लेक्सिंग्टन बार्बेक्यू, १९६२ सालचं, गावातले लोक त्याला हनी मंक म्हणतात. रविवारी बंद. तिथं 'कोर्स चॉप्ड, आउटसाइड ब्राउन' असं मागा, म्हणजे बाहेरचा खरपूस भाग जाडसर चिरून मिळतो, आणि हे मागितलं की काउंटरवरची बाई तुमच्याकडे जरा कौतुकाने बघते. सोबत चेरवाईन घ्या, जवळच्या सॉल्सबरीचं १९१७ पासूनचं चेरीच्या चवीचं सोडा.

एक लक्षात ठेवा, नॉर्थ कॅरोलिनात नुसतं बार्बेक्यू मागितलं की पोर्कच येणार, वेगळं सांगायची गरज नसते.

प्रश्न : ह्यूस्टनहून सॅन अँटोनिओला आय-१०ने जाणार. मला सगळं चालतं, पण बायको आणि सासूबाई फक्त चिकन खातात, बीफ त्यांच्या ताटाच्या जवळही नको. टेक्सासमध्ये हे जमेल का? की मी आपला नाद सोडून देऊ?
– एक वाचक, केटी, टेक्सास

नाद सोडू नका, पण मोकळेपणाने सांगते, तयारी करून जा. टेक्सासच्या मधल्या भागातलं बार्बेक्यू म्हणजे मुळात बीफ ब्रिस्केट, जनावराच्या छातीकडचं मांस. एकोणिसाव्या शतकात आलेल्या जर्मन आणि चेक लोकांची मांसाची दुकानं होती, उरलेलं मांस ते धुरावून आणि सॉसेज करून विकायचे, लोक तिथंच उभ्याने कागदावर घेऊन खायचे, त्यातून हे सगळं आलं. म्हणून आजही मांस वजनावर मिळतं, बुचर पेपरवर वाढतात, आणि सोबत पांढरा ब्रेड, कच्चा कांदा, लोणच्यातली काकडी. माणशी अर्धा पाउंड पुरेसा होतो.

चिकन आणि टर्की ब्रेस्ट बऱ्याच ठिकाणी असतं आणि धुरावलेली टर्की तर मला वैयक्तिकरीत्या फार आवडते, मऊ आणि वर काळ्या मिऱ्याचा थर. पण ते त्याच पिटमध्ये शिजलेलं असतं आणि बऱ्याचदा त्याच लाकडी ठोकळ्यावर त्याच सुरीने कापतात. सासूबाईंना हे आधीच सांगा, तिथं ताट समोर आल्यावर सांगू नका. 'नवीन सुरी आणि स्वच्छ बोर्डवर कापून द्याल का, वेगळ्या ट्रेवर' असं ऑर्डर द्यायच्या आधी विचारलं तर बहुतेक लोक आनंदाने करतात, गर्दीच्या वेळी मात्र जमेलच असं नाही, तेव्हा उघडल्या उघडल्या जा. सॉसेज त्यांच्यासाठी घेऊ नका, ते बहुतेक वेळा बीफचं नाहीतर बीफ-पोर्क मिक्स असतं. एकाच पिटमधलं अजिबातच चालणार नसेल तर त्यांच्यासाठी घरचं जेवण सोबत न्या, तुम्ही तुमचं मांस पार्सल घ्या आणि पार्कच्या टेबलावर सगळे एकत्र बसा. मला हे जास्त आदराचं वाटतं.

तुमच्या रस्त्यावर जागा मात्र उत्तम आहेत. लुलिंगला सिटी मार्केट, आय-१०पासून अगदी थोडं आत, रविवारी बंद. तिथून यूएस १८३ने वर लॉकहार्ट, विधानसभेच्या दोन्ही सभागृहांनी ठराव करून याला टेक्सासची बार्बेक्यू राजधानी म्हटलंय. क्रॉइत्स मार्केट १९०० सालचं, ब्लॅक्स १९३२चं, आणि क्रॉइत्सची जी जुनी इमारत होती तिथं आता स्मिटीज आहे, १९९९ साली कुटुंबात वाटणी झाली तेव्हा क्रॉइत्स नव्या मोठ्या इमारतीत गेलं. स्मिटीजमध्ये शिरताना जमिनीवरच पेटलेल्या ओकच्या आगीजवळून जावं लागतं, लहान मुलं असतील तर हात धरा. आणि सेगीन, जे अगदी आय-१०वरच आहे, तिथल्या बर्न्ट बीन कंपनीला 'टेक्सास मंथली' या मासिकाने बार्बेक्यूच्या जागांच्या २०२५च्या यादीत पहिला नंबर दिला, ही यादी साधारण चार वर्षांनी एकदा येते आणि आल्यावर तिथं काय रांग लागते ते विचारू नका, तेव्हा सकाळी लवकर.

आणि कधी अलाबामातून आय-६५ने गेलात तर डिकेटरला बायको आणि सासूबाईंना नक्की न्या. तिथल्या बिग बॉब गिब्सनकडे १९२५ पासून धुरावलेली कोंबडी पांढऱ्या सॉसमध्ये बुडवून देतात, मेयोनेज, व्हिनेगर आणि भरपूर मिरी. चिकन खाणाऱ्यांसाठी साऊथमध्ये याहून चांगला थांबा मला माहीत नाही.

प्रश्न : माझी आई पक्की शाकाहारी, अंडंही नाही. मुलं म्हणतात 'आजी साइड्स खाईल'. खरंच खाऊ शकेल का?
– एक वाचक, केरी, नॉर्थ कॅरोलिना

मुलांना माझ्यातर्फे सांगा की साइड्स म्हणजे शाकाहारी असं मुळीच नाही. बेक्ड बीन्समध्ये आणि टेक्सासच्या पिंटो बीन्समध्ये बहुतेक वेळा पोर्क किंवा ब्रिस्केटचे तुकडे असतात. कोलार्ड ग्रीन्स, आपल्या पालेभाजीसारखे दिसतात म्हणून आई हात पुढे करेल, पण ते हॅमच्या हाडाबरोबर शिजवायची पद्धत आहे. कॉर्नब्रेडमध्ये काही जुन्या जागी डुकराची चरबी असते. हशपपी, म्हणजे मक्याच्या पिठाची भजी म्हणा, तिच्या पिठात बऱ्याचदा अंडं असतं आणि तळणीचं तेल कुठलं ते विचारावं लागतं. पांढऱ्या कोलस्लॉत मेयोनेज, म्हणजे अंडं. बनाना पुडिंगमध्ये कस्टर्डचं अंडं. ब्रन्सविक स्ट्यू लालसर भाजीचं दिसतं पण त्यात मांस असतंच.

मग उरतं काय? लेक्सिंग्टनकडचं लाल स्लॉ, कोबी, व्हिनेगर, केचप, साखर, मिरी, मेयोनेज नाही, आंबटगोड आणि छान लागतं. पण काही ठिकाणी त्यात मांसाचंच डिप वापरतात आणि त्यात वूस्टरशायर सॉस असेल तर त्यात मासे असतात, तेव्हा विचारा. साधा बेक्ड बटाटा, लोण्यासह. कणीस असेल तर कणीस. मॅक अँड चीज काही ठिकाणी अंड्याशिवाय करतात. आणि स्वीट टी, ती साऊथची खरी ओळख आहे, आईला फार गोड वाटली तर 'हाफ अँड हाफ' मागा, अर्धी बिनसाखरेची देतात.

पण मला विचाराल तर तिच्या जेवणाची सोय तिथल्या मेन्यूवर सोडू नका. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, बटाट्याची सुकी भाजी, लिंबाचं लोणचं, डबा सोबत घ्या आणि आत जाऊन नम्रपणे विचारा की आमच्या आई शाकाहारी आहेत, त्यांनी घरचं खाल्लं तर चालेल का. छोट्या गावातल्या कुटुंबांच्या जागांमध्ये ही विनंती आजीकडे बघून मान्य होते असंच मी पाहिलंय. नाही म्हणाले तर बाहेर लाकडी टेबलं असतातच. सत्तरीच्या बाईला दोन-तीन दिवस फ्रेंच फ्राइजवर ठेवणं मला पटत नाही, ट्रिप तिचीही आहे.

प्रश्न : धुरावलेलं चिकन आतून गुलाबी होतं. मुलांना खाऊ दिलं नाही, सगळं टाकून दिलं. कच्चं होतं का?
– एक वाचक, अटलांटा

बहुतेक नसावं. लाकूड जळताना जे वायू निघतात त्यात नायट्रिक ऑक्साइड असतो, तो मांसातल्या मायोग्लोबिन या लाल रंगद्रव्याला चिकटतो आणि तो गुलाबी रंग शिजल्यावरही तसाच राहतो. ब्रिस्केटच्या कडेला जी गुलाबी पट्टी दिसते, स्मोक रिंग म्हणतात, ती हीच, आणि ते लोक ती अभिमानाने दाखवतात. चिकनमध्ये हा रंग कातडीखाली असतो. हाडाजवळ गुलाबी असेल तर कोवळ्या कोंबडीच्या हाडातला रंगही उतरलेला असू शकतो. रंगावरून शिजलं की नाही ते कळतच नाही, तापमानावरून कळतं, चिकन आतून १६५ डिग्री फॅरनहाइटला पोचलं की सुरक्षित. मांस हाडापासून सहज सुटतंय का बघा, चिवट आणि चमकदार, काचेसारखं दिसत असेल तर खुशाल काउंटरवर परत न्या, थर्मामीटर लावून दाखवा म्हणा, चांगल्या जागेला याचा राग येत नाही. पोर्क शोल्डर आणि ब्रिस्केटची तर काळजीच नको, ते २०० डिग्रीच्या आसपास नेतात, तेव्हाच त्यातलं कोलेजन, म्हणजे मांसातला चिवट भाग, वितळून मांस बोटाने सुटायला लागतं.

प्रश्न : अमेरिकेत कुठंच बार्बेक्यूत मटण का नाही? लुईव्हिलहून सेंट लुइसला आय-६४ने जातोय.
– एक वाचक, केंटकी

अहो, तुम्ही त्याच्या उंबऱ्यावरून चाललाय! आय-६४ सोडून साधारण अर्धा तास दक्षिणेला या, ओहायो नदी ओलांडली की ओवेन्सबोरो. इथलं बार्बेक्यू म्हणजे मटण. बोकडाचं नाही हं, मेंढीचं, तेही जून मेंढीचं. एकोणिसाव्या शतकात या भागात लोकरीसाठी मेंढ्या खूप पाळायचे, लोकर देईनाशी झाली की त्या जून चिवट मांसाचं करायचं काय, तर हिकरीच्या निखाऱ्यावर तासन् तास भाजायचं आणि वरून व्हिनेगर, वूस्टरशायर, मिरी असलेलं काळं डिप मारत राहायचं. आधी चर्चच्या उन्हाळी जेवणावळीत हे व्हायचं, अजूनही होतं, आणि मे महिन्यात गावात बार्बेक्यूचा मोठा उत्सव असतो त्यात पॅरिशच्या पॅरिश, म्हणजे एकेका चर्चची सगळी मंडळी, उतरतात.

मूनलाइट बार-बी-क्यू इन इथं बुफे आहे, १९६३ पासून एकाच कुटुंबाकडे, घरात वेगवेगळं खाणारे असतील तर हे सगळ्यात सोयीचं. ओल्ड हिकरी त्याहून जुनं, १९१८चं. 'ऑफ द पिट' असं मागा म्हणजे चिरून सॉसमध्ये कालवलेलं न देता थेट पिटवरून काढलेले तुकडे देतात. वासाला उग्र आहे, कोवळ्या मटणाची सवय असलेल्यांना पहिला घास जड वाटेल, पण कांदा आणि लोणच्याबरोबर दुसऱ्या घासापासून ते जे काही लागतं ना! सोबत बरगू मागा, मटण, चिकन, मका, बटाटा असं सगळं एकत्र शिजवलेलं दाट सूप. मी हे पत्र वाचून इतकी खूश झाले की लगेच उत्तर लिहायला बसले.

प्रश्न : मी अलाबामात शिकतेय. इथं बार्बेक्यू खाताना नेहमी वाटतं की पिटवर काळी माणसं आणि भिंतीवर फोटो गोऱ्या मालकांचे. याचा इतिहास काय?
– एक विद्यार्थिनी, बर्मिंगहॅम

तुझं निरीक्षण बरोबर आहे, आणि तू ज्या शहरात आहेस तिथूनच उत्तर सुरू होतं. बर्मिंगहॅमला ओलीज बार्बेक्यू नावाची जागा होती. नोकरांपैकी दोन तृतीयांश काळे, पण काळ्या गिऱ्हाइकाला आत बसून खायला मनाई, फक्त पार्सल. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा आला तेव्हा मालक कोर्टात गेले, म्हणाले आमची जागा इंटरस्टेटपासून अकरा ब्लॉक लांब, आमच्याकडे प्रवासी येत नाहीत, गावातलेच लोक येतात, केंद्राचा कायदा आम्हाला कसा लागू? त्याच वर्षी १४ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की तुम्ही विकता ते मांस दुसऱ्या राज्यातून येतं, आणि अशा भेदभावाने राज्याराज्यांमधल्या व्यापारावर परिणाम होतो, तेव्हा लागू. खटल्याचं नाव कात्झेनबाख विरुद्ध मॅक्क्लंग, वाच हा निकाल, लांब नाही. मग १९६८ला साऊथ कॅरोलिनाच्या पिगी पार्क या बार्बेक्यूच्या साखळीविरुद्धचा निकाल, त्यात कोर्टाने सांगितलं की असा खटला जिंकणाऱ्याला वकिलाची फी साधारणपणे मिळालीच पाहिजे, म्हणजे गरीब माणसालाही लढता यावं.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आज आपण, ब्राउन कातडीची माणसं, कुठल्याही एक्झिटला उतरून कुठल्याही टेबलावर बसतो ते या लोकांनी लढून मिळवलेलं आहे. आणि हे कसब मुळात कुणाचं? गुलामगिरीच्या काळात रात्रभर खड्ड्याजवळ जागून निखारे सरकवणारी माणसं काळीच होती. कॅन्सस सिटीचं बार्बेक्यू हेन्री पेरी या काळ्या माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुरू केलं, आर्थर ब्रायंटची आजची प्रसिद्ध जागा त्याच परंपरेतली. ओलीज आता नाही, पण टस्कलूसाच्या शेजारी नॉर्थपोर्टला आर्चिबाल्ड्स आहे, काळ्या कुटुंबाची छोटीशी जागा, हिकरीवरच्या रिब्ज, म्हणजे बरगड्या. तुझ्याकडून आय-२०/५९ने तासाभरात पोचशील. कधी जाशील तेव्हा पिटवरच्या माणसाला नाव विचार, कुणाकडून शिकलात ते विचार, गर्दी नसेल तर आनंदाने बोलतात. मिसिसिपी विद्यापीठातल्या सदर्न फूडवेज अलायन्सने अशा कितीतरी पिटमास्टरांच्या मुलाखती नोंदवून ठेवल्यात, त्या मोकळ्या वेळात ऐक.

प्रश्न : दोन छोटे प्रश्न. गॅस स्टेशनमधलं बार्बेक्यू खावं का? आणि उरलेलं गाडीत किती वेळ टिकतं?
– एक वाचक, शिकागो

कॅन्सस सिटीला जाणार असाल तर गॅस स्टेशनमध्येच खावं! जोज कॅन्सस सिटी ही शहरातली सगळ्यात नावाजलेल्या जागांपैकी एक, कॅन्ससच्या बाजूला, गॅस स्टेशनच्या इमारतीतच आहे. बर्न्ट एंड्स, म्हणजे ब्रिस्केटच्या टोकाचे खरपूस चौकोनी तुकडे, असतील तर आधी तेच घ्या, रोज सगळ्या वेळी नसतात. टेक्सासमध्ये आणि आता साऊथमध्ये बऱ्याच ठिकाणी बकीज या साखळीची भलीमोठी गॅस स्टेशनं आहेत, तिथलं ब्रिस्केट सँडविच ताजं कापून देतात, बाथरूम स्वच्छ असतात, रात्री आठला सगळं बंद झालेलं असताना मी त्याला अजिबात नावं ठेवणार नाही. फक्त दुपारी बारा वाजता, पंधरा मिनिटांवर लाकडावरचं मिळत असताना तिथं जेवू नका.

उरलेल्याचं म्हणाल तर नियम कडक आहे, बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नाही, आणि तापमान ९० फॅरनहाइटच्या वर असेल, म्हणजे जुलैत बंद गाडीत असतंच, तर एकच तास. बर्फाचा कूलर ठेवा, मांस पातळ थरात झिपलॉकमध्ये घालून बर्फाच्या मधोमध, सॉस वेगळं. टेक्सासवाल्यांकडे 'कोल्ड' म्हणजे आधीच थंड करून व्हॅक्यूम पॅक केलेलं ब्रिस्केट बऱ्याच ठिकाणी मिळतं, लांब न्यायचं असेल तर गरम पार्सलपेक्षा तेच घ्या. रात्री हॉटेलवर मायक्रोवेव्हमध्ये चमचाभर पाणी शिंपडून झाकून गरम करा, आणि व्हिनेगरचं सॉस गरम झाल्यावर वरून.